व्हिलिस्का येथील कुऱ्हाडीचे हत्याकांड (१९१२) : पुरावा, कबुली आणि इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्यात व्हिलिस्का नावाचे एक लहानसे गाव आहे. १९१२ साली त्याची लोकवस्ती सुमारे दोन हजार होती. भोवती मक्याची शेते, गावातून जाणारा लोहमार्ग, शेतीच्या अवजारांची दुकाने, दोन-चार प्रार्थनामंदिरे आणि परस्परांस नावाने ओळखणारे लोक, असे त्याचे स्वरूप होते. आपल्याकडे त्याची तुलना करावयाची झाल्यास आजच्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या ठिकाणाशी करावी लागेल. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जेथे अवजारे घेण्यास, धान्य विकण्यास आणि कज्जे मांडण्यास येतात, परका मनुष्य आला तर ज्याची चर्चा संध्याकाळपर्यंत पारावर पोचते, अशा प्रकारचे ते गाव. अशा गावात ९ जून १९१२ च्या रात्री एकाच घरात आठ माणसांची कुऱ्हाडीने हत्या झाली आणि तिचा उलगडा आजतागायत झालेला नाही. मराठी वाचकांस ही घटना जवळजवळ अपरिचित आहे. ती येथे मांडण्याचा हेतू मारेकऱ्याचे नाव शोधण्याचा नाही. न उलगडलेल्या गुन्ह्याभोवती कोणत्या प्रकारची साधने निर्माण होतात आणि त्यांपैकी कोणत्या साधनावर इतिहासाच्या अभ्यासकाने किती भार टाकावा, हा प्रश्न या प्रकरणात विशेष स्पष्टपणे उभा राहतो, म्हणून त्याचा विचार करावयाचा.

घटनेचा तपशील थोडक्यात असा आहे. जोसाया मूर हा गावातील शेतीअवजारांचा व्यापारी, वय ४३. त्याची पत्नी सारा आणि हर्मन, मेरी कॅथरीन, आर्थर बॉइड व पॉल व्हर्नन ही चार मुले. थोरला हर्मन ११ वर्षांचा, तर धाकटा पॉल ५ वर्षांचा. रविवारी सायंकाळी प्रेस्बिटेरियन मंदिरात मुलांचा वार्षिक कार्यक्रम होता. त्याच्या व्यवस्थेत साराचा पुढाकार होता. कार्यक्रम रात्री साडेनऊच्या सुमारास आटोपला. लीना आणि आयना या स्टिलिंजर कुटुंबातील दोन बहिणी त्या रात्री मूर यांच्याकडेच मुक्कामास राहिल्या. सर्व मंडळी चालत घरी आली. यापुढे त्यांना जिवंत पाहिल्याची साक्ष कोणाचीही नाही.

सोमवारी सकाळी सातच्या सुमारास मेरी पेकहॅम या शेजारणीच्या लक्षात आले की मूर यांच्या घरात काहीच हालचाल नाही, नित्याची सकाळची कामे सुरू झालेली नाहीत. तिने दार ठोठावले, ते आतून बंद होते. मग तिने कोंबड्यांचे खुराडे उघडून त्यांना बाहेर सोडले आणि जोसायाचा भाऊ रॉस मूर यास निरोप धाडला. शेतकरी समाजाशी परिचय असणाऱ्यास या तपशिलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ज्या घरात गुरे-कोंबड्या आहेत त्या घराचे अनिष्ट प्रथम मुक्या जनावरांच्या खोळंब्यावरून कळते. रॉसने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडले. खालच्या खोलीतील बिछान्यावर रक्त आणि दोन देह त्याच्या दृष्टीस पडताच तो मागे फिरला व हँक हॉर्टन या गावच्या शांतता-अधिकाऱ्यास बोलावण्यात आले. वरच्या मजल्यावर मूर पतिपत्नी व त्यांची चारही मुले आपापल्या बिछान्यांतच मृतावस्थेत आढळली.

कुऱ्हाड खालच्या खोलीत भिंतीशी टेकून ठेवलेली होती, आणि ती जोसाया मूरची स्वतःचीच होती. ती पुसण्याचा प्रयत्न झालेला दिसत होता. बहुतेकांवर कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने प्रहार झाले होते. पाते प्रामुख्याने जोसायावर चालविले गेले, असे सामान्यतः मानले जाते. वरच्या खोल्यांच्या छतावर कुऱ्हाड उगारताना पडलेल्या खाचा होत्या. मृतांचे चेहरे कपड्यांनी झाकलेले होते आणि घरातील आरशांवरही वस्त्रे टाकलेली होती. दिव्याची काच काढून वात मागे दुमडलेली होती. कुऱ्हाडीजवळ डुकराच्या खारवलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा पडलेला होता. स्वयंपाकघरात न खाल्लेल्या अन्नाचे ताट आणि रक्तमिश्रित पाण्याचे भांडे सापडले. आरसे झाकण्याच्या प्रकारावर पुढे अनेकांनी पांडित्य खर्च केले आहे, परंतु त्यातून निश्चित काही निष्पन्न झाले, असे म्हणता येत नाही.

कुऱ्हाडीसंबंधी मात्र थोडे अधिक बोलणे अवश्य आहे. विष किंवा बंदूक यांच्या बाबतीत ते साधन कोठून आले, कोणी विकत घेतले, कोणास वापरता येत होते, असे प्रश्न विचारता येतात आणि त्या प्रश्नांच्या मागाने मनुष्यापर्यंत पोचता येते. कुऱ्हाड ही लाकूडफाटा जाळणाऱ्या प्रत्येक घरी असते, व्हिलिस्कात काय किंवा सेनगावच्या शिवारात काय. ती कोणीही चालवू शकतो. मारेकऱ्यास ती बरोबर आणावी लागत नाही आणि परत न्यावीही लागत नाही. ती मृताच्याच परसात मिळते. अशा हत्यारातून मारेकऱ्याविषयी फारच थोडे समजते. त्यामुळे अशा गुन्ह्यात सारा भर घटनास्थळावरील इतर खुणांवर पडतो, आणि व्हिलिस्कात नेमक्या याच खुणा पहिल्या काही तासांत नाहीशा झाल्या.

हत्येची वार्ता पसरताच गाव लोटले. हॉर्टन याने डॉक्टरांस व इतर अधिकाऱ्यांस बोलाविले, पण घराचा बंदोबस्त त्यास करता आला नाही. शेजारी, परिचित, केवळ कुतूहलाने आलेले असे शेकडो नाही तरी निदान शंभराच्या आसपास लोक त्या खोल्यांतून फिरून गेले, वस्तू हाताळल्या, बिछान्यांपर्यंत पोचले. दुपारच्या सुमारास राष्ट्रीय रक्षकदलाची तुकडी येऊन पहारा बसला, तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते. हाताच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून लेव्हनवर्थ येथील संघीय तुरुंगातून मॅक्लॉघ्री यांस पाचारण करण्यात आले, परंतु उपयोगी पडतील असे ठसे हाती लागले नाहीत. नेब्रास्का राज्यातून माग काढणारी कुत्री आणली. ती नोडवे नदीच्या दिशेने गेली आणि तेथे माग तुटला.

ठशांचे शास्त्र तेव्हा अगदीच नवे होते असे नव्हे. कलकत्ता येथे १८९७ साली ठशांचे कार्यालय स्थापन झाले होते आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी वर्गीकरणाच्या पद्धतीस मोठा हातभार लावलेला होता. १८९८ मधील जलपायगुडी येथील मळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात पंचांगाच्या पुस्तिकेवरील ठशाने एका जुन्या नोकराची ओळख पटली होती. आणि त्या प्रकरणातही न्यायालयाने ठशाच्या आधारे चोरीचा दोष मानला, खुनाचा मानला नाही! अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये, म्हणजे व्हिलिस्काच्या आदल्याच वर्षी, ठशांचा पुरावा ग्राह्य धरला होता. तेव्हा उणीव शास्त्राची नव्हती, घराचे दार राखण्याची होती. आपल्याकडे गावात खून झाला म्हणजे पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ कोणास जाऊ न देणे हे पोलीस पाटलाचे काम मानले जाते आणि पंचांसमक्ष पंचनामा होतो. ही व्यवस्था कागदावर तरी व्हिलिस्कापेक्षा उजवी आहे, प्रत्यक्षात ती किती पाळली जाते हा भाग निराळा.

११ जून रोजी मृत्यूच्या कारणांची चौकशी झाली. तीत शेजारीण, भाऊ, डॉक्टर इत्यादींच्या जबान्या नोंदविण्यात आल्या. या साऱ्या प्रकरणात इतिहासकारास सर्वांत विश्वसनीय वाटावे असे साधन हेच. त्या जबान्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशीच्या आहेत, साक्षीदारांनी तोवर कोणताही पक्ष स्वीकारलेला नाही, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असे ते सांगतात. यानंतरच्या प्रत्येक साधनावर कोणत्या ना कोणत्या पक्षाची छाया आहे.

पहिला मोठा पक्ष निर्माण झाला तो फ्रँक जोन्स यांच्याविरुद्ध. जोन्स हे गावातील धनिक व्यापारी आणि आयोवा राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद होते. जोसाया मूर पूर्वी त्यांच्याकडे नोकरीस होता. १९०८ च्या सुमारास तो बाहेर पडला, त्याने स्वतःचे दुकान घातले आणि एका नामांकित कंपनीची अवजारे विकण्याचा अधिकार स्वतःकडे वळविला. जोन्स यांच्या घरातील एका स्त्रीच्या आणि मूरच्या संबंधांविषयीही गावात कुजबूज होती. बर्न्स या खाजगी गुप्तचर संस्थेचा जेम्स न्यूटन विल्करसन नावाचा हेर गावात आला आणि त्याने या सर्व धाग्यांचे एक वस्त्र विणले. जोन्स यांनी विल्यम मॅन्सफील्ड नावाच्या इसमाकरवी मूर कुटुंबाचा नाश घडवून आणला, असे ते कथानक होते. १९१६ साली मॅन्सफील्ड यास आयोवात आणून ज्यूरीपुढे उभे करण्यात आले, परंतु हत्येच्या वेळी तो इलिनॉय राज्यात कामावर होता असे वेतनपत्रकांवरून दिसून आले आणि त्याची सुटका झाली. पुढे त्यानेच विल्करसनवर दावा लावून २,२२५ डॉलर भरपाई मिळविली. जोन्स यांची गत याहून विचित्र झाली. त्यांनी विल्करसनवर बदनामीचा दावा केला, तो ते हरले. १९१६ च्या निवडणुकीत पक्षाची उमेदवारीही त्यांच्या हातून गेली. त्यांच्यावर खुनाचा खटला कधीच भरला गेला नाही, तरी गावाच्या एका भागाने त्यांना अखेरपर्यंत दोषमुक्त मानले नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्हिलिस्कात ती निराळ्या अर्थाने खरी ठरली. ज्या व्यापारी स्पर्धेवर, ज्या राजकीय वैरावर आणि ज्या कुजबुजीवर ते गाव एरवीही चालत होते, तीच सामग्री संशयाच्या कामी आली. विल्करसनने सभा भरविल्या, वर्गणी गोळा झाली, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. आठ मृतांचे प्रकरण बाजूस राहून गाव दोन तटांत विभागले गेले. १९१२ ते १९१७ या काळातील आयोवाच्या ग्रामीण समाजाचा अभ्यास करणाऱ्यास ही कागदपत्रे अत्यंत मोलाची आहेत. व्यापारातील चढाओढ, मंदिरांची प्रतिष्ठा, धनिकाविषयीचा सुप्त राग, यांचे इतके उघडे चित्र अन्य कोणत्याही साधनात क्वचितच मिळेल. मारेकऱ्याविषयी मात्र त्यांतून काहीही कळत नाही.

दुसरा पक्ष लिन जॉर्ज केली यांच्याविरुद्धचा. केली हे इंग्लंडमध्ये जन्मलेले फिरते धर्मोपदेशक होते. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, स्वभाव अत्यंत अस्थिर. ९ जून रोजी ते मुलांच्या कार्यक्रमासाठी व्हिलिस्कात होते आणि १० तारखेस पहाटेच्या गाडीने त्यांनी गाव सोडले. काही दिवसांनी ते परत आले आणि आपण गुप्तचर आहो असे भासवून त्यांनी ते घर पाहून घेतले. पुढे टपालातून अश्लील मजकूर पाठविल्याबद्दल १९१४ साली ते पकडले गेले आणि वॉशिंग्टन येथील मनोरुग्णालयात काही काळ होते. १९१७ मध्ये त्यांच्यावर लीना स्टिलिंजर हिच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. ३० ऑगस्टच्या रात्री राज्याचे महाभिवक्ता होरेस हॅव्हनर आणि इतर अधिकारी यांनी रात्रभर त्यांची उलटतपासणी केली. ३१ ऑगस्टच्या सकाळी केली यांनी कबुलीजबाबावर सही केली. ठार मारण्याची दैवी आज्ञा आपणास ऐकू आली, असे त्यात होते. खटल्याच्या वेळी त्यांनी ही कबुली नाकारली. रेड ओक येथे सप्टेंबर १९१७ मध्ये चाललेल्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. अकरा जण एका बाजूस आणि एक विरुद्ध अशी स्थिती होती, आणि ते अकरा जण शिक्षेच्या बाजूचे नव्हते. नोव्हेंबरमधील दुसऱ्या खटल्यात केली निर्दोष ठरले. यानंतर या हत्याकांडाबद्दल कोणावरही खटला चालला नाही.

या निकालात एक व्यंग दडलेले आहे. विल्करसनच्या अनुयायांची अशी समजूत होती की केली यांना पुढे करणे ही जोन्स यांस वाचविण्याची युक्ती होय. त्यामुळे जो तट एका माणसाला फाशी देण्यास आतुर होता, तोच दुसऱ्याच्या बचावास उभा राहिला. म्हणून निर्दोषत्वाच्या या निकालाकडेसुद्धा केवळ पुराव्याचा निर्णय म्हणून पाहता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो निकाल योग्यच होता, परंतु तो योग्य कारणांसाठीच लागला असे छातीठोकपणे सांगणे कठीण आहे.

आता कबुलीच्या प्रश्नाकडे वळू. रात्रभर जागविलेल्या, मनाचा तोल पूर्वीच गेलेल्या इसमाने पहाटे केलेली कबुली भारतीय न्यायालयात कितपत टिकली असती? १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. कलम २६ नुसार पोलिसांच्या ताब्यात असताना केलेली कबुली दंडाधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीवाचून निरुपयोगी होती, तर कलम २४ नुसार अधिकारपदावरील व्यक्तीने दाखविलेल्या भयाने वा प्रलोभनाने झालेली कबुली बाद होत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तत्त्वे थोड्या निराळ्या मांडणीने कायम आहेत. महाभिवक्ता हा पोलीस नव्हे, असा युक्तिवाद कलम २५ च्या बाबतीत करता आला असता, पण उरलेल्या दोन कलमांतून ती कबुली सुटली नसती. हे निर्बंध उदारबुद्धीतून सुचले असे समजण्याचे कारण नाही. कंपनीच्या अमलात महसुलासाठी व गुन्ह्यांच्या तपासात होणाऱ्या छळाची मद्रास इलाख्यात अधिकृत चौकशी झाली, १८५५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि अशा अनुभवांनंतर १८६१ च्या फौजदारी संहितेत हे नियम प्रथम आले.

येथे आपल्याच भागातील एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल, कारण त्यात हा प्रश्न अगदी उलट्या बाजूने दिसतो. सेनगावचा प्रदेश ज्या हिंगोलीच्या परिसरात मोडतो तेथे निजामाच्या राज्यातील एक मोठी लष्करी छावणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. मेडोज टेलर यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे, आणि त्याच्याशी आपलाही व्यवहार होत असे असे ते नमूद करतात. हिंगोलीपासून दूर नसलेल्या एका गावाचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत असल्याचे हरिसिंगास कळले. त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या मुलकी अधिकाऱ्याकडून तेच कापड आणण्याचा परवाना आपल्या नावे मिळविला, वाटेत त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व बैल हाकणाऱ्यांस ठार केले आणि तो माल परवान्याच्या बळावर छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले नसते तर कोणास कधी कळलेही नसते, असा टेलर यांचा अभिप्राय आहे.

व्हिलिस्कात गुन्हा उघड आहे, कबुलीही आहे, पण ती विश्वासार्ह नाही. हिंगोलीत कबुलीखेरीज गुन्ह्याचे अस्तित्वही कळत नाही. ठगांविरुद्धच्या मोहिमेचा सारा डोलारा माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर उभा होता. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे झाले. अशा जबान्यांवर किती विश्वास ठेवावा याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. किम वॅग्नर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या साधनांचा पुन्हा बारकाईने विचार केला आहे. कबुली सरसकट त्याज्य मानणे न्यायाधीशास शक्य आहे, कारण पुरावा अपुरा पडल्यास आरोपीस सोडून देण्याची सोय त्याला असते. इतिहासकाराने सर्व कबुल्या टाकून दिल्या तर हिंगोलीच्या रस्त्यावर मारले गेलेले ते बैलवाले इतिहासातून पूर्णपणे पुसले जातील. म्हणून त्याने कबुली वाचावी, मात्र ती कोणी, कोणत्या वेळी आणि कशाच्या मोबदल्यात घेतली, हे आधी वाचावे. हरिसिंगाच्या हकीकतीत परवाना, माल आणि छावणीतील विक्री असे तपशील आहेत, आणि ते ज्या प्रकारचे आहेत त्या प्रकारच्या गोष्टी दप्तराशी ताडून पाहता येतात. केली यांच्या कबुलीत मात्र जे आहे, ते पाच वर्षे सर्व आयोवा वृत्तपत्रांतून वाचीत होता.

तिसरा तर्क गावाबाहेरच्या माणसाचा. सप्टेंबर १९११ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे शेजारच्या दोन घरांत सहा जणांची, ऑक्टोबरात इलिनॉयमधील मनमथ आणि कॅन्सासमधील एल्सवर्थ येथे, तर जून १९१२ च्या प्रारंभी कॅन्सासमधीलच पाओला येथे अशाच रीतीने हत्या झाल्या होत्या. रात्रीची वेळ आणि झोपलेली कुटुंबे हा त्यांतील समान भाग होय. १९१३ मध्ये मॅक्लॉघ्री यांनीच हेन्री ली मूर या इसमाकडे बोट दाखविले. डिसेंबर १९१२ मध्ये मिसूरी राज्यात आई व आजी यांची हत्या केल्याबद्दल त्यास शिक्षा झाली होती. आडनाव सारखे असले तरी व्हिलिस्काच्या मूर कुटुंबाशी त्याचे नाते नव्हते. एक शतकानंतर, २०१७ साली, बिल जेम्स व त्यांची कन्या रॅचेल यांनी जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे असा सिद्धान्त मांडला की लोहमार्गाने फिरणाऱ्या पॉल म्यूलर नावाच्या मजुराने १८९८ पासून अशी अनेक कुटुंबे मारली. जेम्स हे मूळचे बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक. त्यांचे बळ साम्यांची मांडणी करण्यात आहे, आणि ती मांडणी जोन्स वा केली यांच्याविरुद्धच्या कथानकांहून निश्चितच अधिक पटते. परंतु साम्यांची यादी करणाऱ्याच्या हाती निवड असते, हे विसरता येत नाही. जेथे कुऱ्हाड घरोघर आहे आणि प्रत्येक गावातून गाडी जाते, तेथे कुऱ्हाड आणि लोहमार्ग यांचे एकत्र आढळणे स्वतःहून फार काही सिद्ध करीत नाही. व्हिलिस्कापुरते बोलावयाचे तर त्या रात्री म्यूलर तेथे होता, असा एकही समकालीन कागद पुढे आलेला नाही.

मूर यांचे घर १९९४ साली एका दांपत्याने विकत घेऊन १९१२ च्या स्थितीत आणले. त्यातील वीज व नळ काढून टाकले. १९९८ मध्ये त्याचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाला. पैसे भरून त्या घरात रात्र काढण्यास लोक येतात. ११ जून १९१२ च्या जबान्यांचा पाठही आता सहज मिळतो. त्यात मेरी पेकहॅम हिने कोंबड्या सोडल्याचा उल्लेख आहे.